सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे भूरूप आणि वनस्पती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नेमका कोणता भूभाग येतो?

उत्तरेकडचे कोयना अभयारण्य, दक्षिणेकडचे चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि या दोहोंना जोडणारा घाटमाथ्याचा पट्टा मिळून हा प्रकल्प होतो. कोयना अभयारण्य १९८५ मध्ये आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान २००४ मध्ये जाहीर झाले. या दोन्ही क्षेत्रांना जानेवारी २०१० मध्ये एकत्रितपणे व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. एकूण क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर असून त्यातील सुमारे ६०० चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत ते पसरलेले आहे. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांतील महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या चार स्थळांमध्ये कोयना आणि चांदोली ही दोन आहेत. उरलेली दोन म्हणजे कास पठार आणि राधानगरी.

प्रकल्पाला वाघाचे नाव असल्यामुळे पहिला प्रश्न बहुधा वाघाबद्दलच येतो. या पानाचा विषय मात्र वाघ ज्या डोंगरावर आणि ज्या झाडीत राहतो, ती भूमी आणि ती झाडी हा आहे.

येथील डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे का दिसतात?

कारण ते खरोखरच थराथरांनी रचले गेले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले आणि थिजून त्यांचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, झाला. प्रत्येक लोटाचा तळाचा भाग घट्ट व कठीण असतो आणि वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र व ठिसूळ असतो. ठिसूळ भाग लवकर झिजतो, कठीण भाग कड्यासारखा उभा राहतो आणि कड्याखाली उतार, उताराखाली पुन्हा कडा अशी रचना तयार होते. वासोटा किल्ल्याच्या माथ्यावरून पश्चिमेकडे पाहिल्यास हे थर समोरच्या डोंगरांवर आडव्या रेघांसारखे एकाच पातळीत पुढे जाताना दिसतात.

दोन लोटांच्या मध्ये काही ठिकाणी लाल मातीचा पातळ थर सापडतो. वरून मुरत आलेले पाणी या थरापाशी अडते आणि उताराच्या अंगाने झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. डोंगराच्या अर्ध्या उंचीवर, आजूबाजूला सारे करपलेले असताना, झाडीचा एक गडद हिरवा पट्टा आडवा गेलेला दिसला, तर तेथे बहुधा असा थर आणि असे पाणी असते. जंगल पाहण्यापूर्वी खडक पाहावा, असे मी नवख्या मंडळींना सांगतो ते याच कारणाने.

कोयना नदी उत्तर-दक्षिण का वाहते?

महाबळेश्वरजवळ उगम पावल्यावर कोयना सह्याद्रीच्या मुख्य कण्याला समांतर अशा अरुंद दरीतून दक्षिणेकडे येते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. दरीच्या दोन्ही बाजूंना उंच डोंगररांगा असल्यामुळे तिला मधूनच पूर्वेकडे फुटायला वाट नाही. १९६० च्या दशकात धरण झाले आणि या दरीत सुमारे ५० किलोमीटर लांबीचा शिवसागर जलाशय उभा राहिला. दरीच्या तळाची नदीकाठची झाडी त्यात बुडाली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आज दिसते ते जंगल उतारावरचे आणि माथ्यावरचे आहे. दक्षिणेकडे चांदोलीत वारणा नदीवर वसंतसागर जलाशय आहे आणि तेथेही थोड्याफार फरकाने हेच घडले.

एवढा पाऊस पडूनही येथील झाडे बुटकी का?

हा प्रश्न केरळ किंवा कर्नाटकातील जंगले पाहून आलेले लोक आवर्जून विचारतात आणि त्यांचे निरीक्षण बरोबर असते. तेथील सदाहरित जंगलात झाडे तीस-चाळीस मीटरपर्यंत चढतात. येथे घाटमाथ्यावर दहा-पंधरा मीटरच्या आसपास छत पूर्ण होते.

पाऊस कमी पडतो म्हणून असे होत नाही. कोयनानगरला वर्षाला सरासरी सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस होतो आणि चांदोलीच्या गाभ्यातील पाथरपुंजच्या नोंदीने काही वर्षी ७,००० मिलिमीटरचा आकडाही ओलांडला आहे. अडचण पावसाच्या वाटपात आहे. मृगाच्या सुमारास सुरू झालेला पाऊस ऑक्टोबरमध्ये आवरतो आणि त्यानंतर जवळजवळ सात महिने आकाशातून काहीच येत नाही. दक्षिणेकडे परतीचा मोसमी पाऊस आणि उन्हाळ्यातील वळवाच्या सरी मिळून कोरडा काळ दोन-चार महिन्यांवर येतो. म्हणजे येथील झाडाला वर्षाचे पाणी चार महिन्यांत मिळते आणि ते बारा महिने पुरवावे लागते. शिवाय माथ्यावर मातीचा थर पातळ असतो, मुळांना लवकरच कातळ लागतो आणि जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा कड्यावरून इतक्या जोराने वर येतो की उंच शेंडा टिकणे कठीण होते. कड्याच्या अगदी धारेवरची झाडे पूर्वेकडे झुकलेली, कातरल्यासारखी दिसतात. धारेपासून आत घळीत उतरू लागले की तीच झाडे सरळ आणि दुप्पट उंच होतात.

म्हणून या झाडीला खुरटे जंगल म्हणणे मला पटत नाही. सात महिन्यांच्या कोरडेपणात पाने न टाकता उभी राहणारी झाडे आहेत ही, आणि त्यांची उंची त्यांनी केलेल्या हिशेबाची आहे.

मग या जंगलाला सदाहरित म्हणावे की पानझडी?

दोन्ही, आणि मधलेही. माथ्यावर व पाण्याच्या घळींत सदाहरित आणि निमसदाहरित झाडी आहे. तिची मुख्य झाडे अंजनी, जांभूळ आणि पिसा ही होत. त्यांच्या सोबतीला हिरडा, पारजांभूळ, आंबा, भेरली माड आणि ठिकठिकाणी कोकम असते. पूर्वेकडील उतारांवर, जेथे पाऊस झपाट्याने कमी होत जातो, तेथे आर्द्र पानझडी जंगल लागते : ऐन, किंजळ, नाणा, कुंभा, धामण, आवळा, सावर, पांगारा. पाऊस किती वेगाने कमी होतो हे प्रकल्पाच्या थोड्या उत्तरेला चांगले कळते. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो आणि तेथून पूर्वेला वीस किलोमीटरच्या आत असलेल्या पाचगणीला त्याच्या निम्माही होत नाही.

नकाशावर या प्रकारांच्या सीमा रेषेने दाखवतात, जमिनीवर मात्र त्या एकमेकींत शिरलेल्या असतात. एकाच डोंगराच्या सावलीच्या कुशीत अंजनी-जांभळाचे गच्च रान आणि वळण घेताच उन्हाच्या कुशीत निष्पर्ण सावर, असे दृश्य फेब्रुवारीत सर्रास दिसते. त्याच महिन्यात सदाहरित झाडांना नवी पालवी फुटू लागते आणि ती हिरवी नसून तांबूस असते. कोवळ्या पानांतील हा लाल रंग जांभळावर आणि पारजांभळावर विशेष उठून दिसतो. दुरून पाहणाऱ्याला ते फुलांचे झाड वाटते.

अंजन आणि अंजनी ही झाडे एकच आहेत का?

नाहीत, आणि या गोंधळामुळे अनेक याद्या बिघडल्या आहेत. खानदेश-विदर्भाच्या कोरड्या जंगलातील अंजन हा शेंगावर्गातील उंच पानझडी वृक्ष आहे. घाटमाथ्यावरची अंजनी हे पूर्ण वेगळ्या कुळातील लहान सदाहरित झाड आहे. अडचण एवढीच की घाटावर पुष्कळ जण बोलताना तिलाही अंजनच म्हणतात.

अंजनी ओळखणे सोपे आहे. पाने समोरासमोर, जाड, चामड्यासारखी आणि गडद हिरवी. मधली शीर ठळक आणि बाजूच्या शिरा जवळजवळ न दिसणाऱ्या. मार्च-एप्रिलमध्ये फुलोरा येतो तो फांदीच्या टोकाला नव्हे, तर जुन्या फांदीच्या सालीवरच, पेरापेराशी झुबक्यांनी येतो. एखादी फांदी हातात धरून पाहिली तर राखाडी सालीवर निळ्या-जांभळ्या रंगाचा रवा चिकटवल्यासारखा दिसतो आणि जरा बारकाईने पाहिल्यावर त्या प्रत्येक कणात चार पाकळ्या आणि बाहेर आलेले पुंकेसर दिसू लागतात. फळ वाटाण्याएवढे, पिकल्यावर काळसर जांभळे होते. ते पक्षी खातात आणि माणसेही खातात.

सडा म्हणजे काय, आणि तेथे झाडे का नसतात?

डोंगरमाथ्यावरील सपाट, उघड्या कातळाच्या पठाराला येथे सडा म्हणतात. चांदोलीतील झोळंबीचा सडा हे त्याचे ठळक उदाहरण आहे. बहुतेक सड्यांवर बेसाल्टच्या वर जांभा खडकाचे कवच असते. उष्ण व अतिपावसाच्या हवामानात मूळ खडकातील विरघळणारी द्रव्ये दीर्घकाळ धुपून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरली, ती घट्ट होऊन हा तांबडा, जाळीदार खडक बनला. बॉक्साइटसाठी अशा पठारांवर डोळा असतो तो यातील ॲल्युमिनियममुळे.

सड्यावर माती काही सेंटिमीटरच असते, पुष्कळ जागी तीही नसते. पावसाळ्यात सारे पठार उथळ पाण्याखाली किंवा चिखलात असते. मे महिन्यात त्याच कातळावर अनवाणी पाय टेकवत नाही. इतका ओलावा आणि इतका कोरडेपणा एकाच वर्षात सोसणारे झाड जवळजवळ नाही, म्हणून सड्यावर झाडी वाढत नाही. ती कोणी तोडली म्हणून नाहीशी झाली, असा समज अनेकांचा असतो. तो बहुतांश सड्यांबाबत चुकीचा आहे.

महसुली दप्तरात अशी जमीन पडीक किंवा पोटखराबा म्हणून नोंदली जाते. पिकाच्या दृष्टीने ती नोंद बरोबर असेलही. वनस्पतींच्या दृष्टीने मात्र याच जमिनीवर येथील सर्वांत वेगळे जग आहे. सच्छिद्र जांभा पाणी पितो आणि सावकाश खाली सोडतो, त्यामुळे कड्याखालच्या झऱ्यांचे पाणी पुष्कळ अंशी याच ‘पोटखराब्या’तून येते. आणि माती जेथे टीचभर आहे, तेथे उंच झाडांच्या सावलीत कधीच तगल्या नसत्या अशा शेकडो लहान वनस्पतींना मोकळे मैदान मिळते. पश्चिम घाटात सुमारे ७,४०० जातींच्या सपुष्प वनस्पती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतील सुमारे १,२७० जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. उत्तर सह्याद्रीत अशा प्रदेशनिष्ठ जातींचा मोठा वाटा जंगलापेक्षा सड्यांवर आणि कड्यांवर आहे.

सड्यावरील फुलांचा क्रम कसा असतो?

पहिल्या पावसानंतर कंद आणि गड्डे असलेल्या वनस्पती आधी वर येतात, कारण त्यांची शिदोरी जमिनीत तयार असते. सापकांदा फणा काढून उभा राहतो, चवर आणि रानहळद पाने पसरतात, मुसळीचे पांढरे तुरे दिसू लागतात. जुलैमध्ये डबकी भरली की वायतुरा येतो. ही सातारा परिसरातील पठारांवरील प्रदेशनिष्ठ पाणवनस्पती आहे. तिचा फुलोरा पाण्यावर येऊन दोन फाट्यांत विभागतो आणि डबके आटले की सारी वनस्पती पुन्हा कंदात परतते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेंदाचे पांढरे गोंडे, तेरड्याची गुलाबी आणि सीतेच्या आसवांची जांभळी छटा यांचे पट्टेच्या पट्टे दिसतात. पाऊस ओसरू लागला की कड्यांवर आणि उतारांवर सोनकी पिवळी होते आणि ऑक्टोबरअखेर गवत वाळू लागते.

फुले पट्ट्यापट्ट्यांनी येतात, सरमिसळ येत नाहीत. कारण पुन्हा पाणीच. दोन बोटे खोल खळग्यात एक जात, त्याच्या काठच्या चिखलात दुसरी, चार बोटे उंच कोरड्या उंचवट्यावर तिसरी. गुडघ्यावर बसून एक मीटर जागा पाहिली की हे नकाशासारखे वाचता येते.

सड्यावरील काही वनस्पती किडे का खातात?

सतत धुपून गेलेल्या त्या मातीत नत्र आणि स्फुरद फारच कमी असते, म्हणून. दवबिंदूच्या पानांवरील केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात. त्यात चिलट अडकले की केस आणि पान हळूहळू त्याच्यावर वळतात. सीतेची आसवे ही वनस्पती दिसायला निरुपद्रवी आहे, फूल जेमतेम नखाएवढे आणि पाने नाममात्र. तिचा सापळा जमिनीखाली, चिखलात आहे. एखादे रोप भिंगाखाली पाहता आले तर धाग्यासारख्या भागांवर मोहरीहूनही लहान पारदर्शक पिशव्या दिसतात. पिशवीतील पाणी बाहेर काढून वनस्पती आत पोकळी निर्माण करते. तोंडाजवळच्या केसाला सूक्ष्म जीवाचा स्पर्श झाला की झडप उघडते आणि पाण्याबरोबर जीव आत ओढला जातो. ही क्रिया डोळ्याची पापणी लवण्याच्या कितीतरी आधी पूर्ण होते. पर्यटक फुलांचे छायाचित्र घेण्यासाठी ज्या चिखलात पाय देतात, त्याच चिखलात ही सारी यंत्रणा असते.

कारवी सात वर्षांनी फुलते की आठ?

सात वर्षे वाढते आणि आठव्या वर्षी फुलते, म्हणून दोन्ही उत्तरे ऐकू येतात. कारवीचे झुडूप एका फुलोऱ्यानंतर बी धरून मरते. वाळलेली बोंडे तडकून बी दूर उडते आणि पुढच्या पावसाळ्यात साऱ्या उतारावर एकाच वयाची नवी पिढी उगवते. वय एकच असल्यामुळे फुलणेही एकदम होते. मात्र सगळ्या डोंगरांचे वर्ष एकच नसते. एक दरी यंदा फुलली आणि शेजारची कोरी राहिली, असे होऊ शकते. त्यामुळे ‘यंदा कारवी आहे’ अशी बातमी वाचून निघण्यापूर्वी कोणत्या डोंगराची बातमी आहे हे पाहावे.

उताराच्या मातीला कारवीच्या गर्दीमुळे मोठाच आधार मिळतो. तिच्या सरळ काठ्या शेणामातीने लिंपून घराचे कूड करण्याची पद्धत या डोंगरांत सर्वत्र होती.

झाडावर वाढणारी आमरी (ऑर्किड) म्हणजे बांडगूळच ना?

नाही. आमरी झाडावर राहते, झाडाचे खात नाही. तिची मुळे सालीवरून पसरतात, हवेतील ओलावा आणि पावसाबरोबर आलेली द्रव्ये शोषतात. यजमान झाडाच्या आत ती शिरत नाहीत. सीतेची वेणी म्हणून ओळखली जाणारी आमरी किंवा फांद्यांवर बसणारे बाशिंग नावाचे नेचे ही अशीच उपरी वनस्पती आहेत. दगडफूल तर मुळात फूलही नाही आणि वनस्पतीही नाही. बुरशी आणि शैवाल यांचे ते एकत्र बिऱ्हाड आहे.

बांडगूळ मात्र झाडाच्या लाकडात शिरकाव करून त्याचे पाणी आणि क्षार घेते. त्याचे फळ फुलटोच्या हा इवलासा पक्षी खातो, पण आतले बी इतके चिकट असते की ते सुटावे म्हणून त्याला फांदीवर अंग घासावे लागते, आणि बी नेमके जेथे रुजायचे तेथे लागते. बांडगूळ दिसले की छाटावे, हा बागाईतदाराचा नियम फळबागेत योग्य आहे. राखीव जंगलात त्याची फुले आणि फळे हा पक्ष्यांचा आहार आहे आणि तेथे त्याला हात लावण्याचे कारण नाही.

उन्हाळ्यात दिसेनाशी होणारी रानकेळ कोणती?

तिचे नाव कवदर; काही भागांत चवेणी असेही म्हणतात. ती कड्यांच्या कपारींत वाढते, पावसाळ्यात तिचा रुंद पानांचा पसारा दुरूनही दिसतो आणि कोरडा हंगाम आला की वरचे सारे वाळून गड्डा तेवढा मातीत उरतो. बागेतील केळीप्रमाणे तिला पिल्ले फुटत नाहीत. काही वर्षांनी एकदाच फुलते, बियांनी गच्च भरलेली फळे धरते आणि संपते. म्हणून गड्डा खणून नेणे म्हणजे पुढची पिढीही नेणे होय.

दाट जंगलात मध्येच सपाट गवताळ पट्टे आणि आंबा-फणसाची झाडे कशी?

ती गावे होती. धरण, अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांच्यासाठी या दऱ्यांतील अनेक गावे वेगवेगळ्या काळात उठली. जेथे भाताची खाचरे आणि नाचणी-वरईची शेते होती, तेथे आज गवत आहे; गवे संध्याकाळी चरायला उतरतात ते बहुधा अशाच जागी. उतारावरची राने तोडून-जाळून दोन-तीन वर्षे पीक घ्यायचे आणि मग जमीन सोडून द्यायची, ही कुमरी शेतीही या डोंगरांत चालत असे. तिच्या खुणा एकाच वयाच्या झाडोऱ्यात दिसतात.

जुने गावठाण ओळखायला वनस्पतीच पुरेशा असतात. दोन-तीन जुने आंबे आणि फणस, एखादे उंबर, जोत्याच्या दगडांत उगवलेली झुडपे, विहिरीच्या काठाशी कर्दळ. मी पहिल्यांदा असे ठिकाण पाहिले, तेव्हा दाट रानात फणस आपोआप वाढला असावा असे समजून तशी नोंदही केली होती. सोबतच्या वनमजुराने काही न बोलता पायाने पाचोळा बाजूला केला आणि खाली उंबरठ्याचा दगड निघाला. हे जंगल माणसाने कधी न पाहिलेले अस्पर्श अरण्य आहे, असे जे लिहिले जाते ते या दगडांना धरून नाही. येथून उठलेल्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अजूनही बोलले जातात आणि जंगलाचे कौतुक करताना ते विसरणे बरे नव्हे.

देवराई आसपासच्या जंगलापेक्षा वेगळी का दिसते?

गावाच्या देवतेच्या नावाने राखलेल्या या तुकड्यांत कुऱ्हाड लावण्यास मनाई असे, काही ठिकाणी पडलेले लाकूडही उचलत नसत. त्यामुळे शेजारच्या रानात मिळत नाहीत एवढ्या जाडीचे बुंधे आणि जुन्या वेली देवराईत टिकल्या. माणसाच्या मांडीएवढी जाड, झाडावरून झाडावर गेलेली गारंबी आणि तिची हातभर, कधी त्याहून लांब शेंग पाहायची असेल तर देवराईतच पाहावी. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास मांडला आणि त्यानंतर या विषयाकडे वनस्पतिशास्त्राचे लक्ष गेले. पाण्याचा झरा आणि देवराई पुष्कळदा एकत्र सापडतात, यात योगायोगाचा भाग कमी असावा असे मला वाटते.

नरक्या या झाडाबद्दल एवढी काळजी का व्यक्त होते?

नरक्या हे सदाहरित जंगलातील लहान झाड आहे. त्याच्या फुलांना दुर्गंधी येते, नावाचे मूळ तेथेच आहे. त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असते आणि त्यापासून कर्करोगावरील औषधे तयार होतात. मागणी वाढली तशी सह्याद्रीत त्याची चोरटी तोड झाली, आणि झाड लहान असल्यामुळे तोडणाऱ्याने ते मुळासकट नेले. संरक्षित क्षेत्राबाहेर अनेक ठिकाणी ते विरळ झाले आहे. प्रकल्पाच्या आतील झाडे म्हणून बीजसाठ्यासारखी मोलाची आहेत.

रानमोडी आणि घाणेरी काढून टाकता येत नाहीत का?

येतात, पण चिकाटी लागते. दोन्ही अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशांतून आलेल्या आहेत. रानमोडीचे बी वाऱ्यावर उडते आणि घाणेरीची फळे पक्षी पसरवतात. दाट सावलीत दोन्ही फारशा शिरत नाहीत. रस्ता काढला, वणवा लागला किंवा झाड पडले की उघड्या पडलेल्या जागेत प्रथम याच येतात. फुले येण्यापूर्वी, पावसाळ्यात जमीन ओली असताना मुळासकट उपटणे आणि त्याच जागी पुढची दोन-तीन वर्षे पुन्हा जाणे, एवढेच खात्रीचे आहे. वरून कापून सोडून दिल्यास त्या अधिक जोमाने फुटतात.

वणवा या जंगलात नैसर्गिक असतो का?

येथील कोरड्या हंगामात विजांचा पाऊस जवळजवळ नसतो, त्यामुळे बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात : नवे गवत यावे म्हणून, वाट दिसावी म्हणून किंवा विझवायची राहिलेली चूल. दाट सदाहरित झाडीत आग सहसा आत जात नाही, पण ती कडेची रोपे दरवर्षी मारते आणि गच्च रानाची हद्द प्रत्येक वेळी हातभर मागे सरकते. वन विभाग उन्हाळ्यापूर्वी गवताचे पट्टे साफ करून जाळरेषा काढतो, त्या यासाठीच.

मोकळ्या सड्यांवर आणि गवताळ उतारांवर झाडे लावली तर जंगल वाढणार नाही का?

नाही, आणि हा प्रश्न सद्भावनेने विचारला जात असल्यामुळे उत्तर स्पष्ट देणे भाग आहे. सड्यावर खड्डे खणून, बाहेरची माती टाकून लावलेली रोपे बहुधा दुसऱ्या उन्हाळ्यात जातात. जी जगतात ती खालच्या लहान वनस्पतींची उन्हाची जागा खातात. खड्ड्यामुळे जांभ्याचे कवच फुटते ते वेगळेच. बाहेरच्या मातीबरोबर तणांचे बी येते. ऑस्ट्रेलियन अकेशिया किंवा गिरिपुष्प यांसारखी झटपट वाढणारी झाडे लावून हिरवा रंग मिळतो, पण त्याखाली अंजनी-जांभळाचे रान उगवत नाही.

जेथे पूर्वी झाडी होती आणि तोडीने किंवा आगीने गेली, तेथे आग आणि चराई काही वर्षे थांबवली तरी पुष्कळ काम होते. मुळे जिवंत असतात, बुंध्यांना फुटवे येतात, आणि धनेश व इतर फळखाऊ पक्षी जवळच्या रानातून बी आणून टाकतात. जांभूळ, अंजनी, पिसा, उंबर ही सारी पक्ष्यांनी खाल्ली जाणारी फळे आहेत. माणसाने रोप लावायचेच असेल, तर त्याच दरीतील बियांपासून वाढवलेले लावावे.

वनस्पती पाहण्यासाठी कोणता काळ चांगला?

सड्यावरची फुले ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत. मात्र पावसाळ्यात प्रकल्पाचा बराचसा भाग पर्यटनासाठी बंद असतो, त्यामुळे या काळात बहुतेक जण प्रकल्पाबाहेरील कास पठाराकडे जातात. सावर, पांगारा आणि पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये, अंजनीची फुले आणि तांबूस पालवी मार्च-एप्रिलमध्ये, ओढ्याकाठचा ताम्हण एप्रिल-मेमध्ये. वासोट्याला जाण्यासाठी बामणोलीहून शिवसागर ओलांडून होडीने जावे लागते आणि वन विभागाची परवानगी घ्यावी लागते. भिंग सोबत ठेवावे. दुर्बिणीइतकेच ते येथे उपयोगी पडते.

एखादा कंद किंवा आमरीचे रोप घरी आणता येते का?

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय कोणतीही वनस्पती काढून नेणे गुन्हा आहे. गळून पडलेल्या फांदीवरची आमरी वाचवावी म्हणून उचलली, हे कारणही चालत नाही. व्यवहाराच्या दृष्टीनेही त्यात अर्थ नाही : आमरीचे धुळीसारखे बारीक बी रुजण्यासाठी विशिष्ट बुरशीची साथ लागते, वाढलेल्या रोपाला घाटमाथ्याचे चार महिन्यांचे धुके आणि त्यानंतरचा कोरडेपणा दोन्ही लागतात, आणि गॅलरीतील कुंडीत यांपैकी काहीच नसते. फांदी वाटेवर आडवी पडली असेल, तर ती तशीच उचलून जवळच्या झाडाच्या बेचक्यात, आमरीची बाजू वर ठेवून टेकवावी आणि पुढे जावे.